निकेल उत्प्रेरकांवर इथिलीन, प्रोपिलीन, ब्युटीनपासून मोठे रेणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सोलापूर आणि परिसरातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी, आसवनीच्या प्रयोगशाळांसाठी आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या लहान उद्योगांमधल्या तंत्रज्ञांसाठी आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. प्रयोग फसला की बहुतेक जण उत्प्रेरकाची कृती बदलत बसतात. दोष मात्र बहुधा वायूतल्या ओलाव्याचा किंवा चुकीच्या तापवण्याचा असतो. म्हणून खाली कृतीइतकीच जागा कोरडेपणाला दिली आहे.

या प्रक्रियेत नेमकं काय घडतं?

दोन, तीन किंवा चार कार्बनांचे असंपृक्त रेणू एकमेकांना जोडले जातात. इथिलीनपासून ब्युटीन, हेक्सीन, ऑक्टीन अशी सम कार्बनसंख्यांची मालिका मिळते. प्रोपिलीनपासून सहा, नऊ, बारा कार्बनांची, तर ब्युटीनपासून मुख्यतः आठ कार्बनांची. हजारो रेणू जोडले की पॉलिमर होतो. इथे साखळी दोन-चार जोडण्यांनंतर सुटते, म्हणून याला ऑलिगोमरायझेशन म्हणतात. साखळी लवकर सुटणं हाच निकेलचा स्वभाव आहे. वाढत्या साखळीच्या दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन निकेल सहज काढून घेतं आणि रेणू ऑलिफिन (दुहेरी बंध असलेला हायड्रोकार्बन) होऊन बाहेर पडतो.

हा स्वभाव 1953 मध्ये जर्मनीतल्या म्युल्हाइम इथे कार्ल झिग्लर यांच्या प्रयोगशाळेत लक्षात आला. इथिलीनपासून लांब साखळ्या अपेक्षित होत्या आणि हाती आलं फक्त 1-ब्युटीन. ऑटोक्लेव्हमध्ये (बंद दाबपात्रात) राहिलेल्या निकेलच्या अंशाने ही किमया केली होती. त्यातूनच इतर धातूंचा शोध सुरू झाला आणि पुढे पॉलिथिलीनचे झिग्लर उत्प्रेरक मिळाले.

सोलापुरात याचा काय संबंध?

जिल्हा उसाचा आहे आणि साखर कारखान्यांना जोडून आसवन्या आहेत. इथेनॉलमधून पाणी काढलं की इथिलीन मिळतं. गॅमा ॲल्युमिनावर 350 ते 450 अंश सेल्सिअसला हे सरळ होतं. हिशोब असा: 46 ग्रॅम इथेनॉलमागे 28 ग्रॅम इथिलीन आणि 18 ग्रॅम पाणी. म्हणजे एक लिटर शुद्ध इथेनॉलपासून फार तर 480 ग्रॅम इथिलीन. ते निकेलवर जोडून पुढे हायड्रोजन दिला की विमानाच्या इंधनात मिसळण्याजोगे हायड्रोकार्बन तयार होतात. अल्कोहोलपासून विमान इंधन बनवण्याचा मार्ग एएसटीएम डी-7566 या मानकात आहे. त्यात आयसोब्युटेनॉलला 2016 मध्ये आणि इथेनॉलला 2018 मध्ये मान्यता मिळाली.

स्पिरिट वापरायचं तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. परवान्याची कटकट नको म्हणून डिनेचर्ड (पिण्यास अयोग्य केलेलं) स्पिरिट घेऊ नका. त्यात पिरिडिनसारखं नायट्रोजनयुक्त द्रव्य मिसळलेलं असेल तर आधारावरच्या (निकेल ज्या सच्छिद्र पावडरवर बसवतात तिच्यावरच्या) आम्ल जागा, म्हणजे आम्लासारखं काम करणारे बिंदू, पहिल्याच तासात मरतात.

करमाळा-टेंभुर्णी भागात केळी पिकवण्याच्या खोल्यांत इथिलीन असतंच. ते वापरता येईल का?

नाही. पिकवण्याच्या खोलीत इथिलीन साधारण 100 पीपीएम (दहा लाख भागांत 100) असतं. बाकी सगळी हवा, पाण्याची वाफ आणि केळ्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड. आपल्याला 99.9 टक्के किंवा त्याहून शुद्ध, कोरडा वायू 20 ते 40 बार दाबाने लागतो. शिवाय हवेत 2.7 ते 36 टक्के इथिलीन असलं तर ते मिश्रण पेट घेतं. म्हणजे तिथला वायू साठवून दाबण्याचा विचारही धोकादायक आहे.

मग घरगुती एलपीजीतलं ब्युटीन?

तेही नको. गळती कळावी म्हणून एलपीजीत मर्कॅप्टन मिसळतात. मर्कॅप्टन म्हणजे गंधक, आणि गंधक निकेलला कायमचं धरून बसतं.

निकेल कुठल्या रूपात हवं? हायड्रोजनने अपचयन करायचं, म्हणजे त्याचं धातूत रूपांतर करायचं का?

करू नका. आम्हाला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक हीच. निकेल उत्प्रेरक म्हटलं की वनस्पती तूप बनवताना वापरतात ते धातुरूप निकेल डोळ्यांपुढे येतं आणि सवयीने हायड्रोजन सोडला जातो. इथे धातू नको. आधारावर एकेकटे बसलेले निकेलचे आयन हवेत. एकदा धातूचे कण झाले की ऑलिफिनं जोडली जाण्याऐवजी इथेन, मिथेन आणि काजळी वाढते.

काम करणारा आयन दोन धनभारांचा की एक, आणि साखळी निकेल-हायड्राइडवर वाढते की निकेल असलेल्या कड्यातून, यावर संशोधकांत मतभेद आहेत. व्यवहारात मात्र नियम एकच: निकेल विखुरलेलं ठेवा, सुकं ठेवा, हायड्रोजनपासून लांब ठेवा.

आधार कोणता घ्यावा?

पहिल्या प्रयत्नासाठी अस्फटिकी सिलिका-ॲल्युमिना घ्या. ती स्वस्त आहे आणि छिद्रं पुरेशी मोठी असल्याने तयार झालेले जड रेणू बाहेर पडू शकतात. बीटा किंवा वाय या प्रकारच्या झिओलाइटवर (अतिबारीक छिद्रांच्या स्फटिकी आधारावर) निकेल सुरुवातीला जोरात चालतं. पण छिद्रं एक नॅनोमीटरहून लहान असल्याने दहा-बारा कार्बनांचे फांद्या असलेले रेणू आत अडकतात आणि काही तासांत काम मंदावतं. एमसीएम-41 सारख्या दोन ते चार नॅनोमीटर छिद्रांच्या ॲल्युमिनोसिलिकेटवर ते बराच काळ टिकतं, पण हा आधार पाण्याच्या वाफेत गरम झाला की त्याच्या भिंती कोसळतात.

नुसत्या सिलिकावर निकेल धरून ठेवणाऱ्या जागाच नसतात, त्यामुळे निकेल ऑक्साइडचे ढेकूळ बनतात. नुसत्या ॲल्युमिनावर फार तापवलं की निकेल ॲल्युमिनेट तयार होतं. पावडरला निळसर छटा आली तर तेच झालं असं समजा.

दोन टक्के निकेलचा उत्प्रेरक बनवण्याची कृती सांगा.

20 ग्रॅम आधार गृहीत धरू. आधी तो 120 अंशांवर रात्रभर वाळवा, नाहीतर वजन खोटं पडेल. मग छिद्रांचं आकारमान मोजा. एक ग्रॅम आधारावर ब्युरेटने थेंब थेंब पाणी टाकत ढवळा आणि पावडर पहिल्यांदा ओलसर गोळा धरू लागली की आकडा टिपा. समजा तो 0.8 मि.ली. आला. मग 20 ग्रॅमला 16 मि.ली. द्रावण लागेल.

निकेल हवं 0.408 ग्रॅम. निकेल नायट्रेट हेक्साहायड्रेटमध्ये वजनाने 20.2 टक्के निकेल असतं, म्हणून हे निकेलचं मीठ 2.02 ग्रॅम घ्या. ते विआयनित पाण्यात विरघळवून द्रावण एकूण 16 मि.ली. करा. 16 मि.ली. पाण्यात मीठ टाकायचं नाही, एकूण आकारमान 16 हवं. हे द्रावण पाच-सहा भागांत टाका आणि प्रत्येक वेळी काचेच्या कांडीने दोन-तीन मिनिटं घोटा. शेवटी पावडर सुटी दिसली पाहिजे. तळाशी हिरवं पाणी साचलं तर द्रावण जास्त झालंय आणि वाळताना निकेल कडेला गोळा होईल.

दोन तास झाकून ठेवा. 110 अंशांवर 12 तास वाळवा. मग भट्टीत मिनिटाला एक ते दोन अंश या गतीने 500 ते 550 अंशांपर्यंत नेऊन चार ते पाच तास ठेवा, कोरडी हवा चालू ठेवून. थर एक सेंटिमीटरहून जाड नको. नायट्रेट तुटताना तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे भट्टी धुराड्याखालीच हवी.

गती का पाळायची? घाईने तापवलं की सुटणारं पाणी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड निकेलला एकत्र ओढतात आणि मोठे कण बनतात. मधेच वीज गेली तर थंड होऊ द्या आणि त्याच गतीने पुन्हा सुरू करा. आलेली वीज पाहून थेट 500 अंश लावू नका.

आयन-विनिमयाने (आधारातले आयन काढून त्यांच्या जागी निकेलचे बसवून) केलेला उत्प्रेरक जास्त चांगला असतो का?

निकेलच्या प्रत्येक अणूमागे मिळणारं काम पाहिलं तर होय, कारण एकेक आयन आपापल्या जागी बसतो. अमोनियम रूपातल्या 10 ग्रॅम झिओलाइटला 0.05 मोलर निकेल नायट्रेटचं 100 मि.ली. द्रावण (1.45 ग्रॅम मीठ) घ्या, 70 अंशांवर चार तास ढवळा, गाळा, धुवा. असं तीनदा करा. पीएच सातच्या वर गेला की निकेल हायड्रॉक्साइडचा साका बसतो आणि तो विनिमय झाल्यासारखा भासतो, म्हणून पीएच पाच-सहाच्या आसपास ठेवा.

पाणी विआयनितच हवं. आपल्याकडच्या बोअरच्या क्षाराच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम निकेलच्या आधी जागा पटकावतं. नेहमीचं डिस्टिल्ड पाणीही कंडक्टिव्हिटी मीटरवर पाहून घ्या. आत शेवटी किती निकेल गेलं ते गृहीत धरू नका, आयसीपी या धातू मोजणाऱ्या यंत्रावर मोजून घ्या.

जास्त निकेल टाकलं तर जास्त काम होईल ना?

एका मर्यादेपर्यंतच. अशा आधारांवर साधारण एक ते तीन टक्के पुरे असतं. त्यापुढचं निकेल ऑक्साइड बनून छिद्रं अडवतं आणि संधी मिळाली की धातू होतं.

उत्प्रेरक नीट झाला हे कसं ओळखायचं?

रंग पाहा. कमी निकेलचा चांगला उत्प्रेरक फिकट राखाडी किंवा हिरवट असतो. गडद राखाडी-काळा दिसला तर ऑक्साइडचे गोळे झाले. क्ष-किरण विवर्तनात तांब्याच्या किरणांनी 37.2, 43.3 आणि 62.9 अंशांच्या कोनांवर निकेल ऑक्साइडची शिखरं येतात. ती दिसली नाहीत तर उत्तम. हायड्रोजनच्या तापमान-नियंत्रित अपचयन चाचणीत सुटं ऑक्साइड 300 ते 400 अंशांत हायड्रोजन खातं, तर आधाराला घट्ट धरलेले आयन 500 च्या पुढे. या चाचणीसाठी वेगळा नमुना द्या आणि चाचणी झालेला नमुना प्रयोगात वापरू नका. हे सांगावं लागतं, कारण असं होतं.

प्रत्यक्ष चालवताना मापं काय ठेवावीत?

नऊ-दहा मि.मी. आतील व्यासाची स्टीलची नळी, त्यात एक ग्रॅम उत्प्रेरक, कण 180 ते 300 मायक्रॉन. त्यात पाच ते दहा पट सिलिकॉन कार्बाइड मिसळा आणि खाली-वर क्वार्ट्झ वूल. तापमापकाची पोकळ नळी थराच्या मधोमध उभी असावी, म्हणजे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) वर-खाली सरकवून सगळ्यात गरम जागा सापडते.

उत्प्रेरक नळीतच पुन्हा सुकवा: कोरडा नायट्रोजन मिनिटाला 50 मि.ली., 500 ते 550 अंश, किमान सहा तास, शक्यतो रात्रभर. भट्टीतून काढून नळीत भरेपर्यंत दहा मिनिटं जरी गेली तरी तो हवेतलं पाणी ओढतो. जून-जुलैत तर विचारूच नका. या पायरीत काटकसर केली तर पुढचं सगळं वाया जातं.

नंतर नायट्रोजनमध्येच 50 अंशांपर्यंत थंड करा. इथिलीन आधी 5 ते 10 टक्के, बाकी नायट्रोजन, असं कमी दाबाने सुरू करा. पहिल्या काही मिनिटांत तापमान उसळी घेतं. ते ओसरलं की दाब 30 बारपर्यंत आणि तापमान 80 ते 120 अंशांपर्यंत हळूहळू न्या. ताशी चार ग्रॅम इथिलीन म्हणजे मिनिटाला सुमारे 53 मि.ली. वायू, सामान्य स्थितीत मोजलेला.

इतकी उष्णता कुठून येते?

प्रत्येक नव्या कार्बन-कार्बन बंधामागे साधारण 80 ते 105 किलोज्यूल उष्णता सुटते. शुद्ध इथिलीनचा फक्त दहावा भाग ब्युटीन झाला आणि उष्णता बाहेर गेलीच नाही, तर वायू सुमारे 100 अंशांनी तापेल. म्हणूनच सिलिकॉन कार्बाइड, म्हणूनच बारीक नळी. थर तापला की आम्ल जागा जाग्या होतात, रेणू तुटू लागतात, निकेलचं अपचयन होतं आणि तापमान आणखी चढतं. भट्टीचं नियंत्रण बाहेरच्या भिंतीवर ठेवून आतलं तापमान न पाहणं हे अपघाताला आमंत्रण आहे. आतल्या थर्मोकपलवर 200 अंशांना इथिलीन बंद होऊन नायट्रोजन चालू होईल अशी व्यवस्था हवीच, आणि वीज गेल्यावर आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह.

आमच्याकडे उन्हाळ्यात सिलिंडरचा दाब वाटेल तसा बदलतो. गळती आहे का?

बहुधा नाही. इथिलीनचं क्रांतिक तापमान 9.2 अंश आहे, म्हणजे सोलापुरात ते सिलिंडरमध्ये द्रव असतच नाही. दाट वायू असतो आणि त्याचा दाब तापमानाबरोबर झपाट्याने चढतो. सकाळी 25 अंशांना दाखवलेला दाब आणि मे महिन्यात दुपारी 42 अंशांना दाखवलेला दाब यांची तुलना करू नका. उरलेला साठा वजनाने मोजा. सिलिंडर सावलीत, हवेशीर खोलीत, साखळीने बांधून ठेवा. पत्र्याच्या शेडखाली नको. गळतीची खात्री साबणाच्या पाण्याने करा.

प्रोपिलीनची गोष्ट वेगळी. ते द्रवरूपात येतं आणि त्याचा दाब आत द्रव असेपर्यंत फक्त तापमानावर ठरतो. काटा हलला नाही म्हणजे साठा आहे असं नाही.

वायू सुकवायला कोणती मॉलिक्युलर सीव्ह (ओलावा शोषणारे सच्छिद्र दाणे)?

3ए. तिच्या छिद्रांत पाणी जातं, इथिलीन जात नाही. 13एक्समध्ये इथिलीनही शिरतं आणि शिरताना भरपूर उष्णता सोडतं. कोऱ्या 13एक्सच्या नळीवर थेट 30 बार इथिलीन सोडलं तर ती नळी हाताला चटका देईल इतकी तापते आणि तिथेच जड पदार्थ बनू शकतात. 3ए वापरण्याआधी 250 अंशांवर नायट्रोजनमध्ये सुकवा. ऑक्सिजनसाठी त्याच्या आधी अपचयित तांब्याचा थर ठेवता येतो.

इथेनॉलपासून केलेल्या इथिलीनमध्ये पाण्याखेरीज ॲसिटाल्डिहाइड, डायइथिल ईथर आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड असतो. थंड करणं, पाण्याने धुणं, कॉस्टिकने धुणं आणि मग सुकवणं, हा क्रम उलटा करू नका.

कशाने उत्प्रेरक मरतो आणि कशाने नुसता झोपतो?

पाण्याने झोपतो. कोरड्या नायट्रोजनमध्ये पुन्हा तापवला की बऱ्यापैकी उठतो. जड ऑलिगोमरांनी छिद्रं भरली तरी परत आणता येतो. ब्युटाडाइन आणि ॲसिटिलीन निकेलला घट्ट चिकटतात, म्हणून रिफायनरीतून येणाऱ्या चार कार्बनांच्या प्रवाहाला आधी निवडक हायड्रोजनीकरण देतात. अमोनिया आणि अमाइन आम्ल जागा मारतात. ज्या प्रयोगशाळेत अमाइनचं काम चालतं तिथे हे आधार उघडे ठेवू नका, हवेतूनही ते शोषले जातात. गंधक मारतं, आणि तो मृत्यू परतीचा नाही.

उत्पादन पाहून चूक ओळखता येते का?

येते, आणि आमच्या मते क्रोमॅटोग्राम (उत्पादनातले घटक वेगळे करून दाखवणारा आलेख) वाचता येणं हेच या कामातलं खरं कौशल्य आहे. इथेन वाढलं तर निकेलचं धातूत रूपांतर सुरू झालंय. मिथेन दिसलं तर ते बरंच पुढे गेलंय. इथिलीनपासून पाच किंवा सात कार्बनांचे रेणू निघाले तर आम्ल जागांवर मोठे रेणू तुटत आहेत. तापमान उतरवा किंवा कमी आम्लतेचा आधार घ्या. 1-ब्युटीन कमी आणि 2-ब्युटीन जास्त असेल तर दुहेरी बंध सरकतोय. थर लांब आहे किंवा वायू फार रेंगाळतोय, प्रवाह वाढवून पाहा. फक्त ब्युटीनच मिळतंय आणि रूपांतर घसरतंय, तर ओलावा तपासा.

वस्तुमानाचा ताळेबंद 95 टक्क्यांच्या खाली असेल तर निष्कर्ष काढू नका. ब्युटीन उणे सहा अंशांना उकळतं. बर्फाच्या सापळ्यात ते अडकत नाही, मग वाटतं की हरवलं. रिॲक्टरपासून क्रोमॅटोग्राफपर्यंतची नळी 150 अंशांहून गरम ठेवा आणि वायूत ठराविक प्रमाणात मिथेन किंवा आर्गॉन अंतर्गत मानक म्हणून सोडा. मिथेन उत्पादनातही येत असेल तर आर्गॉनच घ्या.

कोऱ्या चाचण्या खरंच गरजेच्या आहेत?

दोन कराच: रिकामी नळी, आणि निकेल नसलेला आधार. 304 स्टीलमध्ये स्वतःचंच 8 ते 10 टक्के निकेल असतं आणि म्युल्हाइममध्ये काय झालं ते वर आलंच आहे. प्रोपिलीन आणि ब्युटीन तर नुसत्या आम्ल आधारावरही जोडली जातात. इथिलीनला मात्र या तापमानांना निकेल लागतंच.

कारखान्यांत हे कुठे वापरतात?

शेल कंपनीच्या ‘शॉप’ नावाच्या प्रक्रियेत इथिलीनपासून सरळ साखळीची अल्फा-ऑलिफिनं (टोकाला दुहेरी बंध असलेली) बनतात, पण तिथे निकेल द्रावणात असतं. घन निकेल उत्प्रेरकाचं ठळक उदाहरण म्हणजे ऑक्टॉल प्रक्रिया. तीत ब्युटीनपासून ऑक्टीन, त्यापासून आयसोनोनॅनॉल आणि पुढे पीव्हीसी मऊ करणारे प्लास्टिसायझर बनतात. घन उत्प्रेरकावर शुद्ध अल्फा-ऑलिफिनं मिळतील अशी आशा ठेवू नका. इंधन किंवा फांद्या असलेली ऑक्टीन हवी असतील तर हा मार्ग योग्य.

पुनरुज्जीवन कसं करायचं?

आधी नायट्रोजनमध्ये 300 अंशांपर्यंत, म्हणजे हलके पदार्थ निघून जातात. मग एक-दोन टक्के ऑक्सिजन असलेला नायट्रोजन आणि मिनिटाला एक अंश गतीने 500 ते 550. आतलं तापमान ठरवलेल्यापेक्षा 20 अंशांनी वर गेलं तर ऑक्सिजन कमी करा. थेट हवा सोडली की कार्बन भडकतो आणि निकेलचे कण एकत्र येतात.

निकेलचा आरोग्याला किती धोका?

निकेलची संयुगं श्वासातून गेल्यास कर्करोग होऊ शकतो. पावडर चाळताना, भरताना, काढताना एन-95 किंवा त्याहून चांगला मुखवटा, नायट्राइल हातमोजे आणि धुराडं हवंच. काही जणांना निकेल मिठाने त्वचेवर पुरळ उठतं.

याहून भयंकर म्हणजे निकेल कार्बोनिल. धातुरूप निकेलवर 50 ते 150 अंशांच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड गेला की ते बनतं. ते 43 अंशांना उकळतं, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या दुपारी सांडलं तर क्षणात वायू. अपचयन झालेल्या उत्प्रेरकावर कार्बन मोनॉक्साइड कधीही सोडू नका. संपलेला उत्प्रेरक काढण्याआधी नायट्रोजनने पूर्ण धुवा, थंड करा आणि एक टक्का ऑक्सिजनने सावकाश निष्क्रिय करा, नाहीतर हवेत येताच तो पेटू शकतो.

वापरलेला उत्प्रेरक आणि धुतलेलं हिरवं पाणी कुठे टाकायचं?

गटारात किंवा कचऱ्यात नाही. पाण्याचा पीएच कॉस्टिकने 10 च्या आसपास न्या, हायड्रॉक्साइडचा साका बसू द्या, गाळा आणि वरचं पाणी तपासूनच सोडा. साका आणि पावडर झाकणाच्या डब्यात, वर निकेल लिहून, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या धोकादायक कचरा केंद्राकडे द्या. अमोनियम झिओलाइटचं धुतलेलं पाणी वेगळ्या डब्यात ठेवा: अमोनिया निकेलशी विरघळणारं निळं संयुग करतो आणि पीएच कितीही वाढवला तरी काही निकेल पाण्यातच राहतं.